ठेल्यावर पोहे विकणाऱ्या बाईनं लघवीला जायचं कुठं? नियम काय म्हणतो?

पोहेवालीची_लेक | सोमवार, रात्री ९:४०

आई गेली अकरा वर्षं पश्चिम नागपुरातल्या एका चौकात तर्री पोह्याचा ठेला लावते. चौकाचं नाव मुद्दाम देत नाही. पहाटे पाचला गाडी लागते, अकराला उठते. पोहे साडेतीनला भिजतात, तर्री रात्रीच शिजलेली असते.

हे सहा तास ती एकदाही लघवीला जात नाही. जावं लागू नये म्हणून रात्री नऊनंतर पाणी पीत नाही, पहाटे फक्त चहाचे दोन घोट. आता मे चालू आहे. इथल्या मे महिन्याबद्दल वेगळं काय सांगू? सकाळी आठलाच ठेल्याचा पत्रा हात लावू देत नाही, त्यात बाजूला गॅसची शेगडी. परवा डॉक्टरांनी लघवीच्या मार्गाचा संसर्ग सांगितला. यंदाचा तिसरा.

चौकात सार्वजनिक शौचालय आहे. ठेल्यापासून २५० पावलं, मी मोजली. पण ते उघडतं सातला. आईची गर्दी असते साडेपाच ते साडेसात, फिरायला येणारे, पेपरवाले, शिफ्ट सुटलेले वॉचमन. सातनंतर बायकांच्या बाजूला झाडू, बादल्या आणि कोणाची तरी सायकल.

काल तिची अन्न नोंदणी नूतनीकरणाला काढली आणि पहिल्यांदा अटी नीट वाचल्या. त्यात आहे, शौचास जाऊन आल्यावर दर वेळी साबण-पाण्यानं हात धुवावेत. बरोबरच आहे. पण कुठं जाऊन आल्यावर? ते कुठंच लिहिलेलं दिसत नाही. मी चुकीचं पान वाचतेय का? माहीतगारांनी सांगावं.

---

बर्डीचा_बाब्या | सोमवार, रात्री १०:०२

शेवटून दुसरी ओळ वाचून हसू आलं ताई, अन् मग वरचं पुन्हा वाचलं तर हसू गेलं.

खरं सांगतो, मी नऊ वर्षं मोबाइल कव्हरचा ठेला लावून राहिलो. आम्ही माणसं भिंत पाहतो, संपला विषय. बाजूची कानातलेवाली दुपारभर काय करत असंल, हे डोक्यातही आलं नाही कधी. उद्या इचारतो म्हटलं तर इचारू कसं, हाच प्रश्न आहे.

---

कागदोपत्री | सोमवार, रात्री ११:१५

पान बरोबर वाचलंय. मी ठेलेवाले, खानावळी, डबेवाल्या बायका यांच्या नोंदण्या भरून देतो, त्यामुळे थोडं सविस्तर.

अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ चा. परवाना आणि नोंदणीचे विनियम २०११ चे. त्याला एक चौथी अनुसूची जोडली आहे, स्वच्छतेचं सगळं त्यात. या अनुसूचीचे भाग आहेत आणि गोम तिथंच आहे. पहिला भाग नोंदणीवाल्या लहान व्यावसायिकांचा, म्हणजे तुमच्या आईचा. दुसरा भाग परवानाधारकांचा, म्हणजे मोठं हॉटेल, कारखाना वगैरे. दुसऱ्या भागात कामगारांसाठी पुरेशी शौचालयं हवीत, त्यांचं दार थेट स्वयंपाकाच्या जागेत उघडता कामा नये, असं सगळं येतं. पहिल्या भागात ठेल्याबद्दल काय आहे? कामाचा पृष्ठभाग स्टीलसारखा, धुता येणारा आणि जमिनीपासून निदान ६० ते ७० सेंटीमीटर वर. कचरापेटीला झाकण. पिण्यायोग्य पाणी. नखं कापलेली. संसर्गजन्य आजार असलेल्या माणसाला कामावर ठेवायचं नाही. आणि शौचाहून आल्यावर हात धुवायचे.

म्हणजे ओटा किती उंच असावा हे सेंटीमीटरमध्ये आहे. संडास किती लांब असावा हे नाही.

यात कोणाचा दुष्टपणा आहे असं मला वाटत नाही. ठेलेवाल्यानं स्वतःचा संडास दाखवावा अशी अट घातली असती तर देशात एकाही ठेल्याची नोंदणी झाली नसती. अट नाही म्हणून आईची नोंदणी होते. पण ठेल्यावर टाकली नाही ती जबाबदारी मग कोणावरच टाकली नाही, ती तशीच रस्त्यावर पडून राहिली.

ती उचलायला दुसरा कायदा आहे, पथविक्रेत्यांचा, २०१४ चा. त्यात विक्रेत्यानं आपल्या जागेची स्वच्छता राखायची, तिथल्या नागरी सुविधा नीट ठेवायच्या आणि त्या सुविधांसाठी देखभाल शुल्क भरायचं असं आहे. शुल्क भरायचं तर सुविधा मागता येतात! याच कायद्याखाली नगर पथविक्रेता समिती असते. तिच्यात किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले आणि त्यांतल्या एक तृतीयांश बायका हव्यात. आईकडे पथविक्रेता प्रमाणपत्र आहे का? असेल तर शुल्काच्या पावत्या शोधून ठेवा.

---

सकाळचा_फिरस्ता | मंगळवार, सकाळी ७:२०

सगळं ठीक. पण गिऱ्हाईक म्हणून माझी बाजू मांडतो. ज्याच्याकडे संडासही नाही आणि हात धुवायची सोयही नाही, त्याच्या हातचं आम्ही का खायचं? उद्या कावीळ झाली तर कोण जबाबदार? सरळ बंद करावेत असले ठेले. हॉटेलं आहेत की.

---

पोहेवालीची_लेक | मंगळवार, सकाळी ११:५०

आत्ताच भांडी घासून बसलेय.

हॉटेलातही जा, काही म्हणणं नाही. आईकडे हात धुवायला बादली आणि मग आहे, साबण आहे. ती एका हातानं मग धरते आणि दुसरा हात धुते, नंतर अदलाबदल करते. पैसे घेते डाव्या हातानं, पोहे उजव्या हातातल्या पळीनं. सांबार, म्हणजे कोथिंबीर, आणि कांदा मात्र चिमटीनंच टाकते. मी किती वेळा चमचा दिला, तो भगोण्याच्या मागं पडलेला असतो.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. पण ठेला बंद करून तो सुटतो असंही नाही.

---

स्लाइड_आणि_सूक्ष्मदर्शक | मंगळवार, दुपारी २:०५

तीस वर्षं लॅबमध्ये काढली, आता निवृत्त. फिरस्ते साहेबांची भीती खोटी नाही, फक्त रोख चुकलाय.

टायफॉइड आणि हिपॅटायटिस ए, म्हणजे दूषित अन्न-पाण्यातून होणारी नेहमीची कावीळ, हे दोन्ही विष्ठेतून हातावर आणि हातावरून तोंडात असे येतात. लघवी न करणाऱ्या बाईमुळे ते येत नाहीत. तिनं रोखून धरल्यानं तिचाच मूत्राशय बिघडतो. धोका कुठं, तर पोट बिघडलं असताना ठेल्यावर उभं राहण्यात. जुलाब थांबल्यावरही ४८ तास अन्नाला हात लावू नये असं आम्ही सांगायचो. कोण ऐकतं? दोन दिवसांचा गल्ला बुडतो. टायफॉइडचं आणखी वाईट, माणूस बरा होऊन फिरायला लागतो आणि जंतू महिनोन्‌महिने टाकत राहू शकतो. त्याला स्वतःलाही कळत नाही.

सॅनिटायझरची बाटली टांगून बरेच लोक समाधान मानतात. तेलकट, हळदीच्या हातावर तो नीट चालत नाही. ठेल्यावरचे हात तेलकटच असणार. साबण आणि वाहतं पाणी, वीस सेकंद. बादलीत हात बुचकळणं म्हणजे पहिल्यानं सोडलेलं दुसऱ्यानं उचलणं.

आणि ताई, तुम्हालाच सांगतो, आईंना चिमटीच्या जागी लहान चिमटा द्या, बर्फाचा असतो तो. चमचा बायका टाकून देतात, चिमटा वापरतात. का, ते मलाही कळलेलं नाही.

---

सातासमुद्रापार | मंगळवार, रात्री १०:३०

मूळचा धरमपेठेतला, सध्या कॅलिफोर्नियात. शनिवार-रविवार मित्राच्या फूड ट्रकवर हात मारतो, म्हणून हा नियम तोंडपाठ आहे. इथं ट्रक एका जागी तासाहून जास्त थांबणार असेल तर २०० फुटांच्या आत, म्हणजे साठेक मीटरवर, मान्यताप्राप्त शौचालय आणि हात धुवायची सोय हवी. आणि ते अंतर पायी जायच्या वाटेनं मोजतात, नकाशावर पट्टी ठेवून नाही. जत्रेतल्या तात्पुरत्या स्टॉलना वेगळं, दर १५ कामगारांमागे एक शौचालय, तेही २०० फुटांत.

कोणीही ट्रकवाला स्वतः संडास बांधत नाही. शेजारच्या दुकानदाराकडून किंवा कारखान्याकडून एका पानावर सही आणतो, की आमचं शौचालय यांच्या माणसांना या वेळेत वापरायला खुलं आहे. ते पान ट्रकमध्ये ठेवतो. तपासनीस आधी ते मागतो. दुकानाची वेळ आणि ट्रकची वेळ जुळली नाही तर सही असूनही चालत नाही.

तात्पुरत्या स्टॉलच्या हात धुण्याबद्दलची एक अट मला फार आवडते. पाण्याची धार अशी हवी की दोन्ही हात मोकळे राहतील, नाहीतर चोळणार कसं? तुमच्या आईंचं मगाचं वर्णन वाचून तीच आठवली.

---

हाव_बाप्पा | मंगळवार, रात्री ११:०८

अमेरिकेचं कायले सांगता भाऊ, आमच्याकडं २०० फुटात तीन पानठेले अन् एक डीपी सापडते, संडास नाई.

पण सहीच्या पानाची गोष्ट पटली. आपल्याकडं ते तोंडी चालतेच की. मी सायकल रिक्षावर उकडलेले चणे इकतो. एका मंगल कार्यालयाचा वॉचमन मले आत जाऊ देते, मी त्याले रोज एक पुडी देतो. कागद नाई. वॉचमन बदलला की पुन्हा पहिल्यापासून ओळख.

जत्रेचं म्हणाल तर दसऱ्याले दीक्षाभूमीच्या भागात दरसाल जातो. बाबासाहेबांनी १९५६ मधी धम्मदीक्षा घेतली ती जागा, लाखानं लोक येतात, तीन दिवस रस्ते भरून वाहतात. तवा फिरती शौचालयं लागतात, पाण्याचे टँकर लागतात. जागा धराच्या आधी मी एक चक्कर मारतो. संडासाची रांग कुठं अन् उतार कोणीकडं, एवढंच पाहतो. पाणी सांडलं की ते उताराकडं येते. आपण चढाच्या अंगाले बसाचं. इसेक पावलं जास्त चालाले लागली तरी चालते, पण रांगेच्या तोंडाशी बसाचं नाई, वासानं गिऱ्हाईक थांबत नाई.

तीन दिवसाचं सगळ्याइले सुचते. ३६५ दिवसवाल्याइचं कोणालेच सुचत नाई, कारण आम्ही एका येळी लाख नसतो, एकेकटे असतो.

---

भजीवाली_मावशी | बुधवार, दुपारी ४:१५

नातवानं वाचून दाखवलं, तोच लिहून राहिला.

पोरी, तुह्या आईले सांग पाणी सोडू नको. मी सोडलं होतं. मूतखडा झाला, ऑपरेशन झालं, ठेला दोन महिने बंद. जितके पैसे संडासले वाचवले त्याच्या शंभरपट दवाखान्यात गेले.

दुसरं. माणसाइले मुतारी फुकट, बाईनं नुसतं लघवीले गेलं तरी पाच रुपये. इचारलं तर म्हणते, तुमच्या बाजूले संडासच आहे, मुतारी नाई, संडासाचा दर लागन. दिवसातून तीनदा गेलं तर पंधरा. महिन्याचे साडेचारशे. कढईत इतकं तेल येते.

अन् पाळीच्या दिवसात कपडा-पॅड फेकाले तिथं डबाच नाई. पदराखाली धरून घरी आणाचं अन् त्याच हातानं भजी तळाचे का? हे कोणी लिहित नाई म्हणून म्या लिहाले लावलं. नातू लाजून राहिला.

---

कागदोपत्री | बुधवार, रात्री ९:३०

मावशी, नातवाला शाबासकी द्या.

पाच रुपयांचा मुद्दा जुनाच आहे. मुंबईत २०११ पासून ‘राइट टू पी’ नावाची मोहीम चालली ती नेमकी याच्यावर, की पुरुषांना मोफत आणि बायकांना पैसे हे चालणार नाही. म्हणजे तुम्ही एकट्या नाही.

आता पोहेवाल्या ताईंना सरळ सल्ला. नवीन शौचालय मागू नका. ते मागितलं की जागा, निधी, निविदा आणि शेजारच्या बंगल्याची हरकत, पाच वर्षं गेली. तुमच्या चौकात इमारत आहे, पाणी आहे, माणूसही आहे. अडलंय कुलूप. अर्जात दोनच गोष्टी लिहा. पहिली, बायकांची बाजू पहाटे पावणेपाचपासून उघडी हवी. दुसरी, तिथलं सामान हलवा आणि झाकणाचा डबा ठेवा. अर्ज एकट्या आईच्या नावानं नको. भाजीवाल्या, पेपरवाला, दूधवाला, रिक्षावाले, सगळ्यांच्या सह्या आणि प्रत्येकापुढे कामाची वेळ. वेळेचा रकाना महत्त्वाचा. महापालिकेच्या झोन कार्यालयात आवक क्रमांक घेतल्याशिवाय उठायचं नाही आणि एक प्रत पथविक्रेता समितीच्या नावे द्यायची.

जमलं तर एक ओळ अशीही टाका. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयानं २०२३ मध्ये देशभरात १०० स्वच्छ फूड स्ट्रीट उभारायचं ठरवलं, एकेकीला १ कोटी रुपये. त्या पैशातून काय काय करायचं त्या यादीत पिण्याचं पाणी आणि हात धुण्याची जागा यांच्या जोडीला शौचालयही आहे. म्हणजे खाऊगल्ली नवी करायची तर तिथं संडास लागतो हे सरकारला मान्य आहे. मग जुन्या चौकानं काय पाप केलं?

---

सकाळचा_फिरस्ता | गुरुवार, सकाळी ७:४५

परवा तावातावानं लिहिलं. बंद करा म्हणणं मागं घेतो, बाकीचं नाही.

दिल्लीचं एक आठवलं. दक्षिण दिल्ली महापालिकेनं २०१७ मध्ये हॉटेल-रेस्टॉरंटमधली शौचालयं कोणालाही वापरू द्यायला लावली होती, मालकाला हवं तर जास्तीत जास्त पाच रुपये घेता येत. इथं तसं झालं तरी पहाटे पाचला कुठलं हॉटेल उघडं असतं म्हणा.

तुमच्या अर्जावर चौकातल्या रहिवाशांच्या सह्या चालतात का? आमच्या सकाळच्या ग्रुपमध्ये चौदा जण आहेत. त्यातले निम्मे साठीपुढचे, त्यांनाही ते कुलूप नडतंच, फक्त कोणी बोलत नाही.

---

नळकाम_आणि_फिटिंग | गुरुवार, रात्री ८:५०

संडासाचं तुम्ही पाहा, हात धुवायचं मी सांगतो.

वीस लिटरचा जार घ्या, तोटी लावलेला. बाजारात बहुतेक जारला दाबून धरायची तोटी येते, बोट काढलं की पाणी बंद. ती नको. एक हात तोटीलाच अडकतो. ती काढून अर्धा इंची फिरवायची तोटी बसवा, एकदा फिरवली की धार चालू राहते, दोन्ही हात मोकळे. प्लॅस्टिकची चालेल. आतून-बाहेरून रबरी वॉशर आणि आट्यांवर टेफलॉन, नाहीतर गळेल.

धार करंगळीएवढी ठेवा. एका वेळेला अर्धा लिटर धरलं तर एका जारमध्ये चाळीसदा हात धुतले जातात. एका सकाळीसाठी पुष्कळ. खाली जुनी बादली, सांडपाणी तिच्यात. ते पावसाळी नालीत ओतू नका, शौचालयाच्या चेंबरमध्ये जाऊन ओता. तेल-हळदीचं पाणी नालीत गेलं की चार दिवसांत वास सुटतो आणि तक्रार तुमच्याच नावावर.

साबणासाठी संत्र्याची जाळी. आपल्या गावात तिला काय तोटा! वडी जाळीत घालून जारच्या गळ्याला बांधा. पडत नाही, विरघळत नाही, जाळीसकट हातावर फिरवली की फेस येतो.

जारवर मोठ्या अक्षरात ‘हात धुण्यासाठी’ लिहा. नाहीतर लोक पितात.

---

पोहेवालीची_लेक | चोवीस दिवसांनी, शनिवार, दुपारी १:१०

उशिरा लिहितेय. जमेल तसं सांगते.

अर्ज दिला. ४१ सह्या झाल्या, त्यात फिरस्ते काकांच्या ग्रुपच्या बारा. काका, तुम्ही आमचंच गिऱ्हाईक निघालात हे आईला सांगितलंय. ती म्हणाली, ते कांदा नको म्हणणारे का? पहिल्या खेपेला टेबलामागच्या गृहस्थांनी अर्ज वाचून विचारलं, “पहाटे पाचला कोण बाई जाते संडासला?” आई माझ्या बाजूलाच उभी होती. ती काही बोलली नाही, वेळेच्या रकान्यावर बोट ठेवलं. हाताची हळद कागदाला लागली. आवक क्रमांक मिळाला. लेखी उत्तर अजून नाही.

काम झालं ते दुसरीकडून. शौचालय सांभाळणारे मामा रात्री तिथंच मागच्या खोलीत झोपतात, हे आम्हाला अकरा वर्षांत माहीत नव्हतं. आईनं त्यांना पोहे नेऊन दिले आणि विचारलं. ते म्हणाले, मला सातचं सांगितलंय म्हणून सात. पावणेपाचला मी उठलेलाच असतो. आता बायकांच्या बाजूची एक किल्ली आईकडे आहे, गल्ल्याच्या डब्यात. चौकातल्या आम्ही सहा जणी मिळून महिन्याला ६०० रुपये त्यांना देतो, फिनेल आमचं. सायकल त्यांच्या पुतण्याची होती, ती निघाली. झाकणाचा डबा मावशींच्या सांगण्यावरून मी आणला.

सातासमुद्रापार, तुमच्यासारखं एका पानावर लिहून सही घ्यायचा प्रयत्न केला. मामा म्हणाले, सही नको, सही केली तर मलाच विचारतील. त्यामुळे हे सगळं तोंडीच आहे. मामा गावी गेले की काय, ते माहीत नाही. म्हणून अर्जाचा पाठपुरावा सोडलेला नाही, सोमवारी पुन्हा जातेय.

आई आता सहाच्या सुमारास जाऊन येते. तेवढ्या वेळात मी पळी धरते, माझी तर्री जास्त पडते अशी तक्रार आहे. पाणी पिते, पण अर्धाच पेला. उरलेला अर्धा बाजूला ठेवते, म्हणते गर्दी कमी झाली की पिईन.

---

नळकाम_आणि_फिटिंग | शनिवार, दुपारी १:४०

तोटी गळते का?

---

पोहेवालीची_लेक | शनिवार, दुपारी १:४४

गळत होती. टेफलॉन उलटा गुंडाळला होता मी.